कीलेस स्टील गिटार: खुंट्याच नाहीत तर तार चढवायची कशी?

तारकर_ऑस्टिन

मंडळी, प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथे वाद्यवालेही आहेत आणि लेथवर हात काळे केलेलेही, म्हणून इथेच टाकतोय.

मी ऑस्टिनला राहतो, पेडल स्टील गिटार शिकतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, चार पायांवर आडवं ठेवलेलं वाद्य, दहा तारा, डाव्या हातात गुळगुळीत स्टीलचा बार, पायाखाली तीन पेडल आणि गुडघ्यांना लागतील अशा चार-पाच लिव्हर. पेडल दाबलं की ठरलेल्या तारा अर्धा किंवा एक स्वर चढतात, सोडलं की परत जागेवर. कंट्री म्युझिकमधे मागे तो लांबवलेला, भरून आलेला आवाज येतो ना, तो हाच.

माझी आत्ताची गिटार खुंट्यांची आहे, म्हणजे डाव्या टोकाला नेहमीच्या गिटारसारख्या दहा किल्ल्या. आता एक वापरलेली कीलेस गिटार चांगल्या भावात मिळतेय. तिच्या डाव्या टोकाला किल्ल्या नाहीत, नुसते दहा छोटे ठोकळे आणि ॲलन की (षट्कोनी चावी) घालायचे स्क्रू. बघायला गेलो तेव्हा पंधरा मिनिटं नुसतं त्या टोकाकडेच बघत बसलो. हे नेमकं काम कसं करतं, आणि खुंट्यांपेक्षा यात खरंच काही जास्त मिळतं की नुसतं दिसायला सुटसुटीत? घ्यायची का नाही ते तुमच्या उत्तरांवर ठरवेन.

उगाच_एक

खुंटीला टांगून ठेवता येणार नाही एवढं नक्की :)

कोमल_निषाद

मी दोन्ही प्रकार वाजवलेत, माझं मत सरळ कीलेसच्या बाजूने आहे, पण आधी यंत्र कसं चालतं ते सांगतो.

तार उजव्या बाजूने सुरू होते. तिथे चेंजर असतो, प्रत्येक तारेला एक हलणारं बोट, तारेच्या टोकाचा गोल मणी, म्हणजे बॉल, त्या बोटाच्या पिनेत अडकतो. तार बोटाच्या गोल माथ्यावरून डावीकडे जाते आणि रोलर नटवरून, म्हणजे डावीकडे तार टेकते त्या फिरत्या रोलरवरून, पुढे निघते. इथपर्यंत दोन्ही गिटारी सारख्याच. फरक नटच्या पलीकडे आहे. खुंट्यांच्या गिटारीत तार तिथून आणखी काही इंच जाऊन किल्लीच्या खुंटाला तीन-चार वेढे घेते. कीलेसमधे नट ओलांडला की लगेच ती एका छोट्या ठोकळ्यात किंवा बोटात पकडली जाते. गुंडाळायचं काही नाही.

यात मुख्यतः दोन बनावटी. एकात ठोकळा खाचेत सरळ मागे सरकतो, स्क्रू फिरवला की तो ठोकळ्याला नटपासून दूर ओढतो, तार ताणली जाते. दुसऱ्यात ठोकळ्याऐवजी मधोमध पिनेवर फिरणारं बोट असतं, स्क्रू त्याचं खालचं टोक ढकलतो आणि वरचं टोक तारेला घेऊन मागे कलतं. व्हायोलिनच्या टेलपीसवर फाइन ट्यूनर बघितला असेल तर हे तेच, फक्त इथे सगळं ट्यूनिंग त्याच्यावरच.

सिएरा, क्लाइन, जपानची एक्सेल, टेक्सासची जीएफआय, ऑस्ट्रेलियाची ॲनापेग, या सगळ्यांनी कीलेस गिटारी केल्यात. म्हणजे कुणा एकाचं खूळ नाही हे.

भटक्या_मेटलहेड

म्हणजे आमच्या हेडलेस गिटारचाच भाऊ की! नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या सुमारास बेसवर हेच केलं, डोकं उडवलं आणि ट्यूनर ब्रिजकडे नेले. त्याच्या तारांना दोन्ही टोकांना बॉल असायचे, अडकवली की झालं. गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थ वाजवायचा स्टाइनबर्गर. तुमच्यात दोन बॉलच्या तारा लागतात का?

कोमल_निषाद

@भटक्या_मेटलहेड नाही, मी वापरल्या त्या दोन्हींना साध्या एका बॉलच्याच तारा. आणि आमच्याकडे ट्यूनर ब्रिजच्या बाजूला नेताच येत नाहीत, तिथे चेंजर बसलाय. म्हणून डाव्या टोकालाच सगळा संसार मांडावा लागतो.

जुना_पेडलवाला

कोमल_निषाद यांच्याशी मी नेहमीप्रमाणे असहमत. कीलेस हे छान इंजिनिअरिंग आहे हे मान्य, पण स्टेजवर तार उतरली तर मी हात लांब करून किल्ली फिरवतो आणि पुढची ओळ वाजवतो. तुम्ही आधी ॲलन की शोधणार. ती असते पडलेली ॲम्पच्या खाली.

शिवाय खुंट्यांचा जो जाडजूड कीहेड असतो त्याचं वजन आवाजात येतं असं माझे कान सांगतात. पन्नास-साठच्या दशकातल्या शो-बड कंपनीच्या गिटारींवर, नंतर एमन्सच्या गिटारींवर जो आवाज घडला तो सगळा खुंट्यांवरच घडला. त्याला फाटा देण्यासाठी कारण तसं भक्कम हवं.

कोमल_निषाद

ॲलन की मी गिटारच्या कडेला चुंबकावर चिकटवून ठेवतो, हात खाली नेला की सापडते. काही बनावटींत तर स्क्रूला बोटांनी फिरवायची खरबरीत बोंडं असतात, चावी लागतच नाही. आवाजाचं म्हणाल तर पिकअप, चेंजर, लाकूड, बार धरणारा हात, एवढं सगळं मधे असताना फरक कीहेडमुळेच आहे हे वेगळं कसं काढणार?

जुना_पेडलवाला

कानाने.

शाळामास्तर

आवाजाच्या वादात मी पडत नाही. गणित करून बघितलं, ते मात्र फार सुंदर निघालं म्हणून सविस्तर लिहितो.

ई-९ ट्यूनिंगमधे (पेडल स्टीलच्या तारा लावायची नेहमीची पद्धत) तिसरी तार जी शार्प, ४१५.३ हर्ट्झ. नटपासून चेंजरपर्यंत लांबी २४ इंच म्हणजे सुमारे ६१० मिमी धरू. स्टीलच्या साध्या तारेत चौरस मिलिमीटरमागे किती ओढ आहे हे फक्त लांबी, स्वर आणि स्टीलची घनता यावर ठरतं, तारेची जाडी त्यात येतच नाही. जाड तार घेतली तर ओढ वाढते पण क्षेत्रफळही त्याच प्रमाणात वाढतं. हिशोब केला तर ही ओढ येते चौरस मिलिमीटरला सुमारे २००० न्यूटन, आणि त्याने तार ताणली जाते जवळजवळ १ टक्का. म्हणजे ढिली तार स्वरात यायला साधारण ६ मिमी ओढावी लागते. बस, ६ मिमी!

आता पेडल दाबून जी शार्पचा ए करायचा. एक सेमीटोन, म्हणजे अर्धा स्वर, चढवायला ओढ सव्वाबारा टक्के वाढवावी लागते. त्यासाठी आणखी पाऊण मिलिमीटर, नेमकं ०.७३ मिमी. सहावी तार याच्या एक सप्तक खाली, तिची चौरस मिलिमीटरमागची ओढ चौपट कमी, म्हणून तिथे तोच सेमीटोन फक्त ०.१८ मिमीत होतो. दोन कागदांची जाडी.

यातून खुंट्यांचा प्रश्न उलगडतो. हे आकडे नट ते चेंजर एवढ्याच तारेचे आहेत. नटच्या मागे तार जितकी जास्त, तितकी तीही ताणली जाते, आणि चेंजरला तेवढं जास्त खेचावं लागतं. मागे १५० मिमी तार असेल तर तिसऱ्या तारेला ०.७३ ऐवजी ०.९१ मिमी लागेल. पाव भाग वाढला. कीलेसमधे हा भाग जवळपास नाहीच. पेडलचा प्रवास कमी होतो तो यामुळे.

तारकर_ऑस्टिन

मास्तर, हे भारी आहे! म्हणजे बघायला गेलो तेव्हा पेडल "उथळ" वाटलं ते उगाच नाही. मला वाटलेलं त्या माणसाने सेटिंग बदललं असेल.

कोमल_निषाद

मास्तरांनी जे सांगितलं त्याची दुसरी बाजू माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. पेडल सोडल्यावर तार नेमकी मूळ स्वरावर येते का? नटवर रोलर असला तरी थोडं घर्षण राहतंच. पेडल दाबलं की पलीकडची तार उशिरा आणि कमी ताणली जाते, सोडल्यावर ती उशिरा परतते, म्हणून स्वर एक-दोन सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) इकडेतिकडे राहतो. वर खुंटावरचे वेढे बसत-सरकत राहतात ते वेगळंच. पलीकडे तारच नाही, वेढेच नाहीत, तर ही भानगड मुळातच लहान होते. नवी तार घालून दोनदा ओढून दाबून घेतली की माझी कीलेस कार्यक्रम संपेपर्यंत जागेवर राहते. हे एक कारण मला पुरेसं आहे.

मिरजेची_जवारी

वाचून मजा वाटली, कारण आमच्याकडे बरोबर उलटं करतात. मिरजेत आमचं घर सतार-तंबोऱ्यांच्या कामातलं. तंबोऱ्याची मोठी खुंटी फिरवून स्वर जवळ आणायचा आणि मग घोडीच्या मागे तारेत ओवलेला मणी सरकवून अगदी बारीक सूर लावायचा. मणी खाली सरकवला की तार किंचित चढते. म्हणजे घोडीच्या मागचा जो तारेचा तुकडा वाजतच नाही, त्याच्यावरच आमचं सगळं बारीक काम चालतं. तुम्ही लोक नटमागचा तुकडाच काढून टाकताय!

लाकडी खुंटीला एक त्रास असतोच, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात सैल होते. त्यावर खडू घासणारे लाखभर लोक असतील. स्क्रूवर तसलं काही होत नाही, ते आवडलं.

शाळामास्तर

@मिरजेची_जवारी छान मुद्दा. पण तंबोरा एकदा लावला की तार वाजताना त्यावर काही बदल होत नाही. पेडल स्टीलमधे एका गाण्यात तीच तार शेकडो वेळा ओढली-सोडली जाते, म्हणून मागचा तुकडा इथे अडचण करतो आणि तुमच्याकडे मदत.

आजोळ_गिरगाव

थोडं अवांतर. आमच्या लहानपणी घरात व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारच्या रेकॉर्डी होत्या, सिनेमातल्या गाण्यांच्या. मामा मांडीवर गिटार आडवी ठेवून वाजवायचा, तेही हेच का?

कोमल_निषाद

कुटुंब तेच. मांडीवरची हवाईयन गिटार ही थोरली, पेडल नसलेली. १९३१-३२ मधे जॉर्ज बोशाँप आणि रिकनबॅकरने ॲल्युमिनियमची विजेची लॅप स्टील केली, तिला फ्राइंग पॅन म्हणतात, तिला पण साध्या खुंट्याच होत्या. पेडल नंतर आले. पॉल बिग्जबीने १९४८ मधे स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडल स्टील बनवली. जोवर तार एकाच स्वरावर राहायची तोवर खुंट्यांचं कुणाला काही वाटलं नाही, पेडल आले आणि मग नटमागच्या तारेचा हिशोब लागायला लागला.

लेथवाले

चिंचवडला वर्कशॉप आहे, गिटार वाजवता येत नाही, पण स्क्रू कळतो. धागा सकाळपासून वाचतोय, आता राहवत नाही.

किल्लीत वर्म गिअर असतो. १४ ला १ चा गिअर आणि ६ मिमीचा खुंट धरला तर किल्लीच्या एका फेऱ्यात तार सुमारे १.३५ मिमी ओढली जाते. आता स्क्रू बघा. १०-३२ चा आटा म्हणजे इंचाला ३२ आटे, पिच ०.७९ मिमी. सरळ ठोकळ्याच्या बनावटीत एका फेऱ्यात तार ०.७९ मिमीच सरकणार. म्हणजे खुंटीच्या जवळजवळ दुप्पट बारीक नियंत्रण, तेही गिअरशिवाय. शिवाय ताण कायम एकाच दिशेला असल्यामुळे आट्यांचा बॅकलॅश आपोआप एका बाजूला दाबून बसतो, खुंटी उलटी फिरवताना सुरुवातीला जो मोकळा खेळ जाणवतो तो इथे जवळपास नाही. पिनेवरच्या बोटाच्या बनावटीत मात्र वरच्या-खालच्या भुजेच्या प्रमाणात हा आकडा बदलेल, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

पण तोटा तिथेच आहे. ठोकळ्याला सरकायला जागा असते सेंटिमीटरभर, फार तर दीड. त्यातले ६ मिमी तर मास्तर म्हणाले तसे तिसऱ्या तारेच्या ताणातच गेले. म्हणजे तार पकडताना ढिली राहिली तर स्क्रू शेवटपर्यंत येतो आणि स्वर अजून खालीच. आधी पक्कडीने तार घट्ट ओढून धरायची, मगच क्लॅम्प आवळायचा.

जुना_पेडलवाला

लेथवाल्यांनी माझं काम केलं! हाच मुद्दा मी मांडणार होतो. खुंटीला मर्यादा नाही, कितीही गुंडाळा. आणि मास्तरांच्या आकड्यांवरूनच बघा, सहावी तार ०.१८ मिमीत एक सेमीटोन चढत असेल तर १०-३२ च्या स्क्रूच्या एका फेऱ्यात ती चार सेमीटोन उडी मारेल. नटमागे तार जास्त असली तर ती उडी जरा मवाळ होते. मला ती मवाळ हवी आहे.

शाळामास्तर

मवाळ होते, पण किती? १५० मिमी तार मागे असली तरी पाव भागच. आणि किल्लीचा फेरा १.३५ मिमीचा असल्यामुळे सहाव्या तारेवर तुमची खुंटी एका फेऱ्यात जवळजवळ पाच सेमीटोन चढवेल. मागची तार धरूनसुद्धा. त्यामुळे बारकाईच्या बाबतीत स्क्रू पुढेच आहे. सहावी तार नखरेल आहे ती तिच्या कमी ताणामुळे, त्याला दोन्हीकडे इलाज नाही.

जुना_पेडलवाला

हा आकडा मला नवीन आहे मास्तर. आज रात्री किल्लीचा एक फेरा मोजून बघतो.

ह्यूस्टनची_सई

कीलेसने तार तुटणं थांबतं का? माझी तिसरी तार, ०.०११ इंचाची, सारखी तुटते.

कोमल_निषाद

@ह्यूस्टनची_सई नाही थांबत. तिसरी तार बहुधा चेंजरच्या माथ्यावर तुटते, तिथे ती प्रत्येक पेडलला वाकते-सरळ होते. आणि आधीच तिच्यात सगळ्यात जास्त ताण. मास्तरांनी सांगितलंय की जाडीने चौरस मिलिमीटरमागचा ताण बदलत नाही, म्हणून ०.०१२ घालून सुटका होईल असंही नाही. चेंजरच्या बोटावर खाच पडलीय का बघा, नखाने जाणवली तर घासून पॉलिश करून घ्या. आणि तुटायची वाट न बघता बदलत जा.

कीलेसमधे मात्र तुटायची एक नवी जागा तयार होते, क्लॅम्पचा स्क्रू. फार आवळला तर बारीक तार तिथे कापली जाते. आणि जाड गुंडाळीची तार कापण्याआधी काटकोनात दुमडायची, मग दुमडीच्या पुढे कापायची, नाहीतर वरचं वेष्टन आतल्या तारेवरून सुटतं आणि तार मेल्यासारखी वाजते.

उगाच_एक

एवढं वाचून मी आता पेटीच शिकायची ठरवलीय, ती लावावी लागत नाही.

मिरजेची_जवारी

पेटीचे सूर पण लावावे लागतात हो, फक्त ते पत्ती घासून लावणारा माणूस शोधावा लागतो आणि तो वेळ देत नाही.

गाडीत_गिटार

व्यवहाराचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मी न्यू जर्सीतून शनिवार-रविवार वाजवायला जातो. कीहेड गेला की गिटार चार-पाच इंचांनी आखूड होते, केस त्या मानाने लहान आणि हलकी. दोन नेकची, म्हणजे दहा-दहा तारांच्या दोन संचांची, गिटार असेल तर वीस किल्ल्यांचं वजन उतरतं. जिन्यावरून तीन मजले केस चढवणाऱ्याला विचारा हा फरक काय असतो. आवाज, सेंट, मिलिमीटर सगळं ठीक आहे, माझ्या कंबरेने निर्णय केव्हाच घेतलाय.

ह्यूस्टनची_सई

आणि कॅबिनेट ड्रॉप? आखूड गिटार कमी वाकत असेल ना?

शाळामास्तर

पेडल दाबल्यावर सांगाडा किंचित वाकतो आणि न दाबलेल्या तारा काही सेंट उतरतात, तेच ना? ते पाय, पेडलचे दांडे आणि सांगाडा कसा जोडलाय यावर जास्त अवलंबून. कीहेड कापला म्हणून आपोआप कमी होईल असं नाही. आणि ०.१८ मिमीचा हिशोब परत आठवा, सांगाडा मिलिमीटरचा शंभरावा भाग दबला तरी सहाव्या तारेवर पाच-सहा सेंट जातात, म्हणून सगळ्यात आधी तीच उतरलेली ऐकू येते. घेण्याआधी ट्यूनर लावून तपासा, सहावी तार मोकळी वाजवून पाचवीचं पेडल दाबा, काटा किती हलतो बघा. फक्त त्या पेडलला सहावी जोडलेली नसावी.

तारकर_ऑस्टिन

परत जाऊन आलो. मास्तरांची चाचणी केली, काटा तीन सेंट हलला, माझ्या आत्ताच्या गिटारवर जास्त हलतो. पेडल सोडल्यावर सगळ्या तारा जागेवर येतात, हे तर लगेच कळलं. बनावट पिनेवरच्या बोटाची आहे. एकच शंका आहे, चौथ्या आणि सहाव्या तारेचं बोट शेवटापर्यंत मागे आलेलं आहे, स्क्रू आणखी फिरत नाही. आणि आठव्याचा स्क्रू फिरवताना कुरकुरतो. विकणारा म्हणतो जुनी असल्यामुळे आहे. हे काळजीचं आहे का?

कोमल_निषाद

चौथी-सहावी काळजीचं नाही, तार बसवताना ढिली पकडलीय. स्क्रू पूर्ण सैल कर म्हणजे बोट पुढे येईल, नवी तार हाताने ओढून पुन्हा पकड, निम्म्या प्रवासात स्वर लागला पाहिजे. नाही लागला तर क्लॅम्पमधे तार घसरतेय, त्याच्या दातांवर खाच पडलीय का बघ.

लेथवाले

कुरकुरणाऱ्या स्क्रूकडे मात्र दुर्लक्ष नको. ताणाखाली असलेला स्क्रू कोरडा फिरवत राहिलं की आटे खरवडतात, बोट पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं असेल तर लवकरच. आधी तार पूर्ण उतरवा, स्क्रू बाहेर काढा, आट्यांत चमकदार भुकटी दिसली तर आटे गेलेत असं समजा. त्या बोटात पुन्हा टॅप मारून एक साइझ मोठा स्क्रू किंवा आत स्टीलचा बुश बसवता येतो, चांगल्या मशीनिस्टचं तासाभराचं काम आहे, त्याचे पैसे भावातून कमी करून घ्या. आटे चांगले असतील तर जुनं ग्रीस पुसून थोडं नवीन लावा, तेल नको, तेल वाहून रोलरवर जातं.

आणि चावी नीट बघून घ्या. अमेरिकन गिटार असेल तर ॲलन की इंचातली लागणार. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमी, त्यात आपली २ मिमीची चावी जाते पण सैल फिरते आणि स्क्रूचं तोंड गोल करून टाकते, २.५ तर आत जातच नाही. एक्सेलसारखी जपानी असेल तर मिलिमीटरचीच बघा. विकणाऱ्याकडून मूळची चावी मागून घ्याच.

तारकर_ऑस्टिन

शनिवारी चिमटा, टॉर्च आणि दोन्ही मापांच्या चाव्या घेऊन जातो. आठव्या स्क्रूचा फोटो टाकेन.

जुना_पेडलवाला

टाकच. आणि किल्लीचा फेरा मोजला, माझ्या खुंटीवर सहाव्या तारेला एका फेऱ्यात पाचाहून थोडे जास्त सेमीटोन आले. खुंट्या मी सोडणार नाही, पण स्क्रू जास्त बारीक चालतो हे मास्तरांचं म्हणणं बरोबर आहे.